राखेवर अझोला, अझोलावर गोबरगॅस : चुलीपासून शेगडीपर्यंत

आमच्या परभणी जिल्ह्यात अजून बऱ्याच घरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. घरात सिलिंडर असतो, गोबरगॅसही असतो, पण पहाटे अंगणातल्या चुलीवर पातेलं चढतंच. जळण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, अधूनमधून बाभळीचा ओंडका. त्यातनं निघणारी राख पूर्वी भांडी घासायला जायची. आता भांड्यांना साबणाची वडी आली आणि राख सगळीच्या सगळी उकिरड्यावर जायला लागली. पहिल्या पावसात तिच्यातला अर्धाअधिक पालाश वाहून जातो, आणि आपण दुकानात पोटॅशची गोणी मागायला जातो.

मी चार-पाच वर्षांपासून ही राख अझोला या पाणवनस्पतीच्या वाफ्यात वापरतोय आणि तो अझोला गोबरगॅसच्या टाकीत घालतोय. यात चुका भरपूर झाल्या. त्या तुम्ही परत करू नयेत म्हणून सगळा क्रम इथं मांडतो.

मूळ गोष्ट एवढीच, की लाकूड, काडी जळते तेव्हा तिच्यातलं नत्र (नायट्रोजन) धुराबरोबर उडून जातं. पालाश, चुना, मॅग्नेशियम, थोडंसं स्फुरद (फॉस्फरस) आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं राखेत मागं राहतात. म्हणजे राख हे बिननत्राचं खत. आता अझोला बघा. हे पाण्यावर तरंगणारं नेचं. त्याच्या पानाच्या पोकळीत एक निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि ते हवेतलं नत्र धरून पानाला देतं. अझोलाला नत्र बाहेरून लागत नाही, बाकी सगळं पाण्यातून लागतं. राखेत जे नाही ते अझोला स्वतः कमावतो, त्याला जे हवं त्यातलं बरंच राखेत असतं. पत्रिका इतकी जुळलेली दुसरी जोडी मला तरी सापडली नाही.

डकवीड, म्हणजे टिकलीएवढ्या पानांची ती हिरवी साय, हीसुद्धा झपाट्यानं वाढते आणि टाकीत छान कुजते. पण तिला नत्र बाहेरून द्यावं लागतं. न्हाणीघराचं सांडपाणी किंवा गोठ्याचं धुवण साठत असेल तिथं ती लावा. नुसत्या राखेवर ती उपाशी मरते. जलपर्णी मात्र मुद्दाम कोणी लावू नये. नांदेडला गोदावरीच्या पात्रात तिनं काय केलंय ते पुलावरून दिसतंच. कुठं आधीच माजली असेल तर काढून, चिरून टाकीत घाला. घरच्या तळ्यात तिचं रोपटंसुद्धा नको.

आधी हिशोब, मग खड्डा

यूट्यूबवर "अझोलापासून मोफत गॅस" असं म्हणणारे भेटतात. मोफत काही नसतं, आणि गॅसही ते सांगतात तेवढा नसतो.

ताज्या शेणात कोरडा भाग साधारण १८ ते २० टक्के असतो. ताज्या अझोलात ५ ते ७ टक्के, बाकी सगळं पाणी. म्हणजे तीन किलो अझोला टाकीत घातला तेव्हा कुठं एक किलो शेणाइतका माल पोचला. एक किलो शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. त्याच मापानं एक किलो अझोला म्हणजे १३ लिटर धरा. चार चौरस मीटरचा वाफा रोज अर्धा-पाऊण किलो देतो. घरगुती शेगडी तासाला दोनशे-सव्वादोनशे लिटर गॅस खाते. आता तुम्हीच भागाकार करा : एका वाफ्याच्या अझोलावर जेमतेम दोन-अडीच मिनिटं ज्योत. चहाचं पाणी कोमट होईल.

मग कशाला हा उपद्व्याप? दोन गुंठ्याचा हिशोब बघा. दोन गुंठे म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर. चौरस मीटरला रोज १५० ग्रॅम धरलं तर दिवसाला ३० किलो अझोला. हे दहा किलो शेणाच्या बरोबरीचं झालं, म्हणजे ४०० लिटर गॅस, म्हणजे पावणेदोन तास शेगडी. ज्याच्याकडं दोनच जनावरं उरलीत आणि दोन घनमीटरची टाकी रोजचं ५० किलो शेण मागते, त्याला हे मोलाचं आहे.

आणि खरी गंमत पुढं आहे. ३० किलो अझोलात कोरडा माल पावणेदोन किलोच्या पुढं असतो आणि त्यात चार टक्क्यांच्या आसपास नत्र. दिवसाला सत्तरेक ग्रॅम. जुलै ते फेब्रुवारी असे आठ महिने चालवलं तर १७ किलो नत्र, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला थोडं कमी. टाकीत गॅस होतो तो कार्बनचा. नत्र स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या लगद्यात, जसंच्या तसं राहतं. हवेतलं नत्र, चुलीतला पालाश, मध्ये शेगडीवर भाकरी आणि शेवटी रानात स्लरी. मी तर गॅसला वरकड कमाईच समजतो.

आता पाण्याचं. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, हे विसरून मराठवाड्यात पाण्यावरचं पीक सुचवणं म्हणजे थट्टाच. दोन गुंठ्यांवर १० सेंटिमीटर पाणी उभं करायला २० हजार लिटर लागतात. हिवाळ्यातसुद्धा उघड्यावरनं रोज चार-पाच मिलिमीटर उडतं, म्हणजे हजार लिटरच्या आसपास. सावली केली, अझोलानं पाणी झाकलं की ते कमी होतं, पण थांबत नाही. म्हणून माझं सरळ मत : शेततळं किंवा बारमाही विहीर असेल त्यानंच दोन गुंठ्यांचा विचार करावा. बाकीच्यांनी दोन-चार वाफे करावेत, अझोला आधी जनावरांना घालावा आणि उरलेला टाकीत टाकावा. कोरड्या अझोलात वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. दुभती म्हैस समोर उभी असताना तो आधी गॅससाठी कुजवणं मला पटत नाही.

राख कुठली घ्यावी

पऱ्हाटी, तुराटी, बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ यांची राख उत्तम. पांढुरकी, हलकी, बोटांत पिठासारखी लागणारी. काळी राख म्हणजे अर्धवट जळालेला कोळसा, त्यात ताकद कमी.

गोवरीची राख चालते, पण तिच्यात वाळू-मातीचा, सिलिकाचा भाग जास्त असतो. हिवाळ्यात हुरड्याच्या आगटीतून ती टोपल्यानं मिळते, फुकट आहे म्हणून घ्यावी, प्रमाण थोडं वाढवावं. साखर कारखान्याच्या बॉयलरची बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख ट्रॉलीनं मिळते म्हणून लोक खूश होतात. तीही बहुतेक सिलिकाच असते, पालाश बेताचाच. वाफ्याच्या तळाला ती नुसती गाळासारखी साचते.

आणि एक अगदी बजावून सांगतो. परळीच्या औष्णिक केंद्राची राख ही वनस्पतीची राख नव्हे. ती दगडी कोळशाची. विटांना ती चांगली, पण तिच्यात पालाश नावापुरता आणि जड धातू असू शकतात. अझोलासारखी झाडं पाण्यातले जड धातू शोषून घेण्यात पटाईत असतात आणि तोच अझोला उद्या म्हशीच्या पुढ्यात जाणार आहे. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, खोकी, प्लास्टिक ज्या चुलीत जळतं तिची राखही बाद. आमच्याकडं चूल पेटवायला गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या वापरायची वाईट खोड होती. ती मोडायला वाफा बांधण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

राखेसाठी रानात काडी पेटवू मात्र नका. काडीचं खरं मोल ती जमिनीत कुजण्यात आहे. चुलीत जे जळणारच आहे, तेवढ्याचीच राख.

राख विरवणं

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. पहिल्या वर्षी मी चुलीतली ताजी राख, घमेलंभर, थेट वाफ्यात ओतली. दुसऱ्या दिवशी अझोला फिकट पडला, तिसऱ्या दिवशी उकडलेल्या मेथीसारखा तपकिरी होऊन बसला. आई वाफ्याच्या काठावर बसली, पाण्यात दोन बोटं बुडवून अंगठ्यावर चोळली आणि म्हणाली, "साबण करायलास का रे बाबा हितं?" तिच्या लहानपणी कपडे राखेच्या पाण्यातच धुवायचे. बोटाला बुळबुळीत लागलं की ते पाणी मळ काढतं, हे तिला ठाऊक. मळ काढणारं पाणी पानही काढतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ताज्या राखेतला चुना कळीच्या चुन्यासारखाच जहाल असतो. पाण्यात पडला की पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, ७ म्हणजे मध्यम) ११-१२ पर्यंत जातो. अझोलाला हवा ५ ते ७, फार तर साडेसात. म्हणून राख आधी विरवायची.

चूल गार झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, राख काढा. वरनं गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन दोन दिवस जिवंत राहतो. गंजीजवळ, गोठ्याजवळ ती ठेवू नका. जुन्या चाळणीनं चाळा. कोळसे, खिळे, खडे बाजूला होतील. चाळताना नाकाला रुमाल बांधा आणि वाऱ्याकडं पाठ करून बसा, राख डोळ्यात गेली तर चांगलीच चरचरते. चाळलेली राख झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा. पाऊस लागला की पालाश गेलाच म्हणून समजा.

विरवायला भोक नसलेलं घमेलं किंवा पत्र्याचा डबा घ्या. भोक नसलेला हे महत्त्वाचं, कारण खाली झिरपणाऱ्या पाण्यातच पालाश असतो. पाच किलो राखेवर पाणी शिंपडत जा, मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली तर फुटावा एवढंच ओलं करा. सावलीत, पण उघड्या हवेत ठेवा, वर पाऊस लागणार नाही एवढं छप्पर असावं. दर दोन-तीन दिवसांनी खुरप्यानं खालीवर करा, कोरडी पडली तर पुन्हा शिंपडा. हवेतला कार्बन डायऑक्साइड जहाल चुन्याची हळूहळू खडी करतो. तीन आठवड्यांत राखेचा डंख बराच उतरतो. पूर्ण जात नाही. पालाशाचा खारटपणा राहतोच, पण तो पाण्यात पातळ झाल्यावर सोसवतो.

कोणीतरी तुम्हाला सांगेल, राख शेणात आणि गोमूत्रात कालवून ठेवा, ताकद वाढते. मी तेही केलं. झाकण उघडलं तर डोळ्यांतून पाणी. तो वास अमोनियाचा, म्हणजे गोमूत्रातलं नत्र राखेच्या तीव्र अल्कलीमुळं उडून चाललं होतं. ताजी राख आणि गोमूत्र, किंवा ताजी राख आणि युरिया, यांना एका भांड्यात आणू नका.

पाणी बघून घ्या

आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. तांब्याला पांढरे डाग पडतात, डाळ शिजत नाही, ते पाणी. त्यात क्षार आधीच आहेत, वर राख घातली तर पीएच अजून चढतो आणि स्फुरद चुन्याशी बांधलं जाऊन तळाला बसतं. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. शेततळ्याचं, विहिरीचं त्याखालोखाल. पत्र्याच्या छपराची पन्हाळ एका टाकीत सोडली तर दोन-चार वाफ्यांपुरतं पाणी सहज साठतं. बोअरच वापरायचा असेल तर राखेचं प्रमाण पुढं सांगतोय त्याच्या निम्मं करा.

पीएचच्या कागदी पट्ट्या किंवा थेंब टाकायची बाटली मत्स्यपालनाच्या दुकानात मिळते. हा खर्च चुकवू नका. आईची दोन बोटं सगळ्यांकडं नसतात.

वाफा

दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. जमीन सपाट करून विटा उभ्या करून वीत-सव्वावीत उंच कड करा. खड्डा खणला तर पावसाचा गढूळ लोंढा आत येतो, म्हणून मी जमिनीच्या वरच वाफा करतो. आत जुनी पोती अंथरा आणि वर सिल्पॉलिनचा जाड प्लास्टिक कागद, कडेनं विटांखाली दाबून. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. पोती घातली नाहीत तर भेगेच्या कडेवर कागद कापला जातो.

तळात चाळलेली माती १० ते १५ किलो सारखी पसरा. दोन किलो ताजं शेण बादलीभर पाण्यात कालवून, गाळून ओता. सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) ३० ग्रॅम त्याच कालवणात विरघळवा. मग पाणी सोडा, १० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे चारशे लिटर. दोन दिवस तसंच राहू द्या. तिसऱ्या दिवशी विरवलेली राख १०० ग्रॅम बादलीत पाण्यात ढवळून, फडक्यातून गाळून सगळीकडं शिंपडा. गाळ फेकायचा नाही, तो मातीच्या थरावर कोपऱ्यात सोडा. त्यातलं स्फुरद शेणाच्या कुजण्यात सावकाश सुटत राहतं. चौथ्या दिवशी पीएच बघा. साडेसातच्या खाली असेल तर अझोलाचं बियाणं सोडा, अर्धा ते एक किलो. वर असेल तर थांबा. शेण कुजताना निघणारा वायू पीएच आपोआप खाली ओढतो, दोन-तीन दिवसांत फरक दिसतो.

बियाणं जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात विचारा. शेजाऱ्याकडून घेतलं तर एका बादलीत दोन दिवस वेगळं ठेवून अळी, गोगलगाय नाही ना ते बघा. मी ते केलं नाही म्हणून एक पूर्ण वाफा अळीला जेवू घातला.

वर पन्नास टक्क्यांची शेडनेट. कडुनिंबाच्या विरळ सावलीतही चांगलं जमतं, फक्त गळणारी पानं रोज वेचावी लागतात.

शेततळ्यात थेट सोडायचा मोह होतो. वाऱ्यानं सगळा अझोला एका कोपऱ्यात गोळा होतो आणि ठिबकच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो. सोडायचाच असेल तर बांबूची किंवा बंद केलेल्या पीव्हीसी पाइपची तरंगती चौकट करून तिच्यातच ठेवा, आणि मोटरीच्या फूटव्हॉल्व्हपासून लांब बांधा.

आठवड्याचा क्रम

दहा ते पंधरा दिवसांत वाफा भरतो. वरनं पाणी दिसेनासं झालं आणि हात फिरवला की गालिच्यासारखं लागलं, की काढणी सुरू. चार चौरस मीटरमधून रोज अर्धा किलो, फार तर पाऊण. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त उचलू नका. उशीर केला तर खालचा थर कुजतो, लवकर केली तर ऊन पाण्यावर पडून शेवाळ माजतं.

दर आठवड्याला एका वाफ्याला विरवलेली राख ५० ग्रॅम, सुपर फॉस्फेट १५ ग्रॅम आणि एक किलो शेणाचं गाळलेलं कालवण. राख आणि सुपर फॉस्फेट एकाच दिवशी नको. राख सोमवारी टाकली तर सुपर फॉस्फेट गुरुवारी, शेणाच्या कालवणातून. एकत्र टाकलं तर राखेतला चुना विरघळलेलं स्फुरद लगेच पकडतो आणि पैसे तळाला जातात.

"राख आहे तर सुपर फॉस्फेट कशाला?" असं मला हमखास विचारतात. राखेत स्फुरद असतं, पण टक्का-दीड टक्का, आणि आपल्या जड पाण्यात ते लवकर सुटत नाही. अझोलाची भूक सगळ्यात जास्त स्फुरदाचीच. नुसत्या राखेनं ती भागवायची म्हटलं तर एवढी राख लागेल की वाफा साबणाचा होईल. राखेनं पालाश, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म द्रव्यांचा खर्च वाचतो, सुपर फॉस्फेट थोडंफार कमी लागतं. बंद होत नाही.

दर दहा दिवसांनी चौथा हिस्सा पाणी काढून वांग्याला, मिरचीला द्या आणि नवं भरा. राखेचे क्षार साचू नयेत म्हणून हे टाळू नका. महिन्यानं तळातली पाच किलो माती बदला. काढलेली माती कुंडीत, परसात सोनं आहे.

पानं काय सांगतात

अझोला लाल पडला, मुळ्या लांबल्या : स्फुरद कमी. सुपर फॉस्फेटचा हप्ता द्या, चार-पाच दिवसांत कोवळी हिरवी टोकं दिसतील. पण डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा खाली येतो तेव्हाही अझोला थंडीनं लाल होतो. तेव्हा मुळ्या आखूडच असतात. त्याला खत घालून उपयोग नाही, रात्री वर पोती किंवा कागद झाका.

नवीन पानं पिवळी, जुनी हिरवी : लोह मिळत नाही. हे राख जास्त झाल्याचं पक्कं लक्षण. पीएच चढला की पाण्यात लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. राख पंधरा दिवस बंद, अर्धं पाणी बदला. हिराकस (फेरस सल्फेट) दोन ग्रॅम एका लिंबाच्या रसात आणि तांब्याभर पाण्यात विरघळवून शिंपडा. नुसतं हिराकस टाकलं तर ते गंजून तळाला बसतं. लिंबातलं आम्ल लोहाला धरून ठेवतं.

पानांना जाळी, कडेनं कुरतडलेली, मधे बारीक हिरवी अळी : आठ दिवस उशीर झाला तर वाफा गेला. थोडी असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क. फार असेल तर सगळा अझोला काढून टाकीत घाला, वाफा धुऊन उन्हात वाळवा, नव्यानं लावा. टाकीला अळीचं वावडं नाही.

टाकीत घालताना

अझोला तरंगतो, टाकीतसुद्धा. सरळ टोपलं रिकामं केलं तर आत वर साय धरते, वाळून कडक होते आणि गॅस वर यायला वाट राहत नाही. दीनबंधूसारख्या घुमटाच्या टाकीत ही साय फोडायला आत हात घालता येत नाही, आणि रिकाम्या टाकीतसुद्धा माणसानं उतरू नये. आतल्या वायूनं माणसं दगावतात.

म्हणून काढलेला अझोला आधी साध्या पाण्यात एकदा खंगाळा, राखेचा गाळ जाईल. जाळीवर पसरून एक दिवस सुकवा, नुसता मलूल होऊ द्या. मग शेण कालवायच्या हौदातच शेणाबरोबर हातानं किंवा पावड्यानं चेचून एकजीव करा. शेणाचा लगदा त्याला खाली घेऊन जातो.

दोन घनमीटरच्या टाकीला एरवी रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पहिल्या आठवड्यात रोज एक किलोच अझोला घाला. मग दर आठवड्याला दोन-तीन किलोनं वाढवत न्या. माझ्या टाकीत शेणाच्या पाचव्या हिस्स्यापर्यंत निभावतं, त्याच्या पुढं मी गेलेलो नाही, म्हणून दोन गुंठ्यांचा ३० किलोचा हिशोब अजून कागदावरचाच समजा. अझोलात पाणीच पाणी आहे, त्यामुळं १० किलो अझोला घातला तर वरचं पाणी आठ-नऊ लिटरनं कमी करा, नाहीतर लगदा पातळ होऊन न कुजताच बाहेर पडतो. अझोलात नत्र जास्त, म्हणून सोबत मूठ-दोन मुठी बारीक कुटार किंवा गव्हाणीतली ओली गळाट गेली तर उलट चांगलंच.

शेगडी पेटेना, ज्योत फडफडून विझायला लागली, स्लरीला आंबूस वास : टाकीला अजीर्ण झालंय. तीन-चार दिवस काही घालू नका, मग शेणापासून पुन्हा सुरुवात. आंबटपणा फारच असेल तर विरवलेल्या राखेचं निवळ, तांब्याभर, शेणाच्या कालवणातून दोन-तीन दिवस. एरवी राख टाकीत सरळ ओतू नये. पालाशाचे क्षार वाढले की गॅस करणारे जिवाणू मंदावतात.

स्लरी ओलीच रानात द्या, शक्यतो पाण्याच्या पाळीबरोबर. उन्हात वाळवली की नत्राचा मोठा हिस्सा हवेत परत. बरेच जण स्लरी अझोलाच्या वाफ्यातच फिरवतात, शेण वाचतं म्हणून. थोडी चालते, एका वाफ्याला आठवड्याला दोन लिटर. जास्त घातली तर दोन घोटाळे : आयतं नत्र मिळाल्यावर अझोला स्वतःचं कमवायचा कंटाळा करतो, आणि पालाश गॅसमधून उडून जात नसल्यामुळं राखेचे क्षार त्याच पाण्यात फिरून फिरून साचतात. राख वाफ्याला, स्लरी रानाला, असा दंडक मी ठेवलाय.

मार्च उजाडला की

ऊन पस्तिशीच्या पुढं गेलं की अझोला दमतो, चाळिशीत शिजतो. एप्रिल-मे मध्ये उघड्यावरचं पाणी रोज दहा मिलिमीटरच्या आसपास उडतं. तेव्हा दोन गुंठ्यांना पाणी पाजणं म्हणजे माणसांच्या तोंडचं काढणं. मी होळीच्या सुमाराला वाफे मोडतो. अझोला टाकीत, पाणी परसात, माती मिरचीच्या वाफ्यात, कागद धुऊन गुंडाळून माळ्यावर.

बियाणं तेवढं जपायचं. रांजणाशेजारी, जिथं पाणी सांडून दिवसभर ओल असते तिथं, सिमेंटचं एक टोपलं किंवा फुटक्या माठाचा तळ ठेवा. दोन मुठी माती, चिमूटभर शेण, वीतभर पाणी आणि ओंजळभर अझोला. वर ओलं गोणपाट, दुपारी एकदा शिंपडायचं. राख या दिवसांत अजिबात नको, पाणी आटत असताना क्षार आपोआपच घट्ट होतात. लालसर होईल, आकसेल, काही मरेल. जूनमध्ये मृगाचा चांगला पाऊस पडला आणि पन्हाळीचं पाणी टाकीत आलं, की त्या टोपल्यातला मूठभर अझोला पहिल्या वाफ्यात सोडायचा. तोपर्यंत उन्हाळ्याची राख डब्यात चाळून ठेवलेली असतेच. तिला विरायला तीन आठवडे लागतात, म्हणून मे संपता संपता तिच्यावर पाणी शिंपडायला घ्या.